सकाळी अटकतो, दुपारी पळतो

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत : कॉम्प्युटर सुरू होताना अटकतो. मला त्याचं नवल नाही. कापूस घरात येऊन पडलाय, हरभऱ्याला पाणी सुरू आहे, मोटरा दिवसरात्र चालू आहेत आणि सकाळी गारवा आहे. नेरला माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवर या दिवसांत सकाळी दहाच्या आत दोन तरी कॅबिनेट येऊन बसतात. सुरुवातीचं पत्र लांब आहे, उत्तरही लांबच होणार.

प्रश्न : ताई, घरचा कॉम्प्युटर सेकंडहँड आहे, मुलीच्या अभ्यासासाठी घेतला. आय-थ्री, चौथ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, मदरबोर्डाच्या कंपनीचं नाव येतं, मग निळी खिडकी येते आणि तिच्याखाली ठिपके गोल गोल फिरत राहतात. अर्धा तास वाट पाहिली तरी तेच. बटण दाबून धरून बंद करतो, पुन्हा लावतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुरू होतो, मग दिवसभर काही त्रास नाही. दुपारी रिस्टार्ट केला तरी अटकत नाही. घड्याळ मात्र कधी कधी २०१४ साल दाखवते. घर शेतात आहे, लाइन मोटरांच्या डीपीवरचीच. तालुक्याला नेला तर फॉरमॅट मारून दिला, ५०० रुपये घेतले. पंधरा दिवस बरा चालला, पुन्हा तेच. आता म्हणतात, परत फॉरमॅट करा नाहीतर नवीन घ्या. काय करू?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, फॉरमॅट करू नका. नवीनही घेऊ नका, निदान हे वाचून होईस्तोवर.

तुमच्या पत्रात एक गोष्ट चांगली आहे. कॉम्प्युटर कुठं अटकतो ते तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे येणारा माणूस कॅबिनेट काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "ताई, हा अटकते." कुठं अटकतो? "चालू करतानी." बैल लंगडतो म्हणून गुरांच्या डॉक्टरकडे गेलात तर कोणता पाय ते दाखवावं लागतं ना? इथंही पाय चार आहेत. पडद्यावर काहीच न येता नुसता पंखा फिरत असेल तर वीज किंवा रॅम पाहायची. बोर्डाच्या, म्हणजे मदरबोर्ड या आतल्या मुख्य पट्टीच्या, कंपनीच्या नावावरच थांबला तर मागे लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह, कीबोर्ड किंवा हाकेला ओ न देणारी हार्ड डिस्क. ठिपके फिरत राहिले तर बोर्डाचं काम झालेलं असतं, विंडोज डिस्कवरून वर यायचं बाकी असतं. आणि पासवर्ड टाकल्यावर अटकला तर सुरुवातीलाच उठून बसणारे दहा-पंधरा प्रोग्रॅम. तुमचा तिसरा पाय आहे.

आता दुसरी खूण. सकाळी अटकतो, रिस्टार्टला अटकत नाही. हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं, पण सगळं उत्तर त्यात आहे.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून त्यात 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे आणि बहुतेक मशिनींत ती आपोआप चालू असते. तिच्यामुळे तुम्ही 'शट डाउन' केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. आठवडी बाजारातला दुकानदार संध्याकाळी सगळा माल आवरून गाडीत न भरता तिथंच ठेवतो आणि वरून ताडपत्री ओढतो, तसं ते असतं. सकाळी ताडपत्री काढली की दुकान सुरू. विंडोज आपल्या पोटातलं महत्त्वाचं सगळं एका मोठ्या फाइलीत भरून डिस्कवर ठेवतं आणि सकाळी तीच फाइल उचलतं. ती फाइल अर्धवट लिहिली गेली असेल, डिस्कच्या खराब जागेवर पडली असेल किंवा प्रिंटरसारख्या एखाद्या वस्तूचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्रॅम, झोपेतून नीट उठत नसेल, तर ठिपके फिरत राहतात. तुम्ही बटण दाबून धरता, मशीन बळंच बंद होते. पुढच्या खेपेला विंडोज ती ताडपत्री बाजूला फेकतं आणि सगळा माल नव्यानं मांडतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सुरू होतो. रिस्टार्टमध्ये ताडपत्री नसतेच, तिथं दर वेळी माल नव्यानं मांडला जातो. म्हणून दुपारी पळतो.

मग फाइल अर्धवट का राहते? इथं मी एक अंदाज बांधते, चुकला तर मला लिहा. रात्री मुलगी 'शट डाउन' करते, पडदा काळा होतो आणि लगेच घरातलं कोणीतरी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतं. बरोबर?

आमच्या घरी हे काम सासूबाईंचं. सगळी बटणं बंद केल्याशिवाय त्या झोपत नाहीत आणि विजेच्या बाबतीत त्यांचं म्हणणं रास्त आहे. पावसाळ्यात कडाडतं तेव्हा मी स्वतः प्लग ओढते. पण पडदा काळा झाला म्हणजे कॉम्प्युटर बंद झाला असं नसतं. मॉनिटर आधी डोळे मिटतो, मागे कॅबिनेट त्या मोठ्या फाइलीत लिहीतच असतो. जुन्या हार्ड डिस्कला त्यात पंधरा-वीस सेकंद सहज जातात. त्या वीस सेकंदांत भिंतीवरचं बटण बंद झालं की सकाळी ठिपके आलेच. कॅबिनेटच्या तोंडावरचे दोन्ही दिवे जाईपर्यंत आणि पंखा थांबेपर्यंत थांबायचं. मग खुशाल बटण बंद करा.

घड्याळ २०१४ वर जातं त्याची गोष्टही इथंच येऊन मिळते. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो, ३ व्होल्टचा, त्याचं नाव सीआर २०३२. मशीन बंद असताना तारीख, वेळ आणि बोर्डाच्या सेटिंग तो सांभाळतो. भिंतीचं बटण चालू असेल तर कॅबिनेट बंद असूनही बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि सेलावर भार पडत नाही. तुमच्याकडे रोज रात्री बटण बंद, म्हणजे रोज रात्रभर सेलाची ड्युटी. इतक्या वर्षांत तो थकला. घड्याळ 'कधी कधी'च चुकतं म्हणता, तर ज्या रात्री बटण चालू राहून गेलं त्याच्या सकाळी घड्याळ बरोबर असणार. पाहून घ्या.

आधी परीक्षा, मग इलाज. आज रात्रीपासून पाच दिवस मुलीला सांगा, 'शट डाउन'वर क्लिक करताना कीबोर्डावरचं शिफ्ट बटण दाबून धर. तसं केलं की त्या रात्रीपुरती ताडपत्री पडत नाही, विंडोज पूर्ण बंद होतं. पाचही सकाळी नीट सुरू झाला तर रोग कळला. मग कायमचं करून टाका : कंट्रोल पॅनल उघडा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा, डाव्या हाताला 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' आहे त्यावर क्लिक करा. खाली फास्ट स्टार्टअपची खूण दिसेल पण ती पुसता येणार नाही, फिकी असेल. वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ आहे, तिच्यावर आधी क्लिक करावं लागतं. लोक इथूनच परत येतात आणि म्हणतात, "ताई, ते दबतच नाही." खूण काढा, सेव्ह करा. सकाळी सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढं सोसा.

सेल बदलणं घरी जमतं. ४०-५० रुपयांचा सेल, घड्याळवाल्याकडेही मिळतो. विजेची केबल मागून काढा, मग पुढचं बटण दोन-चार वेळा दाबा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या डाव्या बाजूचे मागचे दोन स्क्रू काढले की पत्रा सरकतो. आधी मोबाइलवर फोटो काढा, कोणती तार कुठं होती ते विसरायला होतं. सेलाच्या कडेला पितळी जीभ असते, ती नखानं बाहेर ढकलली की सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अक्षरांची बाजू वर.

एक गोष्ट मात्र सेल काढायच्या आधी करा, घड्याळ बरोबर असेल अशा सकाळी. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहून बोर्डाच्या सेटिंगमध्ये जा आणि प्रत्येक पानाचा फोटो घ्या. त्यात 'साटा मोड' अशी एक ओळ असते, तिच्यापुढे एएचसीआय लिहिलंय की आयडीई ते नीट पाहा, बोर्डानं डिस्कशी बोलायच्या या दोन पद्धती आहेत. सेल काढल्यावर काही बोर्ड स्वतःच्या मनानं आयडीईवर जातात. विंडोज एएचसीआयवर बसवलेलं असेल तर मग निळा पडदा येतो, आणि चांगल्या मशिनीला पुन्हा एकदा फॉरमॅटची शिक्षा होते. फोटोत होतं तसं परत लावलं, तारीख-वेळ घातली, एफ १० दाबून सेव्ह केलं, की झालं.

फॉरमॅटवर माझा राग का, तेही सांगते. दुकान टाकून मला दीड वर्ष झालं होतं. एका महिला बचत गटाचा कॉम्प्युटर आला, असाच सकाळी अटकणारा. मी हुशारीनं डिस्कचा डी ड्राइव्ह हा भाग पूर्ण कॉपी करून घेतला आणि विंडोज असतं तो सी ड्राइव्ह पुसून नवं विंडोज टाकलं. गटाच्या अध्यक्षबाई मशीन न्यायला आल्या, पडदा पाहिला आणि म्हणाल्या, "बाई, इथं सामोरच आमचा हिशोब होता नं?" सामोर म्हणजे डेस्कटॉपवर. डेस्कटॉप डोळ्यांना वेगळा दिसतो पण राहतो सी ड्राइव्हमध्येच, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सही तिथंच. हे मला माहीत होतं, त्या दिवशी आठवलं नाही एवढंच. तीन वर्षांच्या कर्जवाटपाच्या आणि हप्त्यांच्या नोंदी त्यांच्या वह्यांतून पुन्हा टाइप करायला मी तीन रविवार त्यांच्या ओट्यावर बसले. चहा त्याच पाजत होत्या, त्यानं आणखीच लाजल्यासारखं व्हायचं. आणि आठ दिवसांत मशीन पुन्हा अटकलं! दोष हार्ड डिस्कच्या लाल केबलचा होता. टोक सैल झालेलं, दाबून बसवलं की चालू. तेव्हापासून कॅबिनेट उघडलं की मी त्या केबलीची दोन्ही टोकं आधी दाबून पाहते. तुम्हीही सेल बदलताना पाहा.

आता शिफ्टची परीक्षा फसली, म्हणजे पूर्ण बंद करूनही सकाळी ठिपके फिरलेच, तर संशय हार्ड डिस्कवर घ्या. ठिपके फिरत असताना कॅबिनेटचा लाल दिवा सारखा पेटलेला राहतो का, आतून टक्‌-टक्‌ असा एकसुरी आवाज येतो का? तसं असेल तर डिस्कला एखादी जागा वाचता येत नाही म्हणून ती परत परत तिथंच जात असते. मशीन सुरू झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम टाका. निळं 'गुड' दाखवलं तर ठीक, पिवळं 'कॉशन' आलं तर त्याच दिवशी फोटो, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, मुलीचे प्रोजेक्ट, सगळं पेन ड्राइव्हवर घ्या. खाली 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' अशी एक ओळ आहे. तिच्या शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं असली पाहिजेत. नसतील तर डिस्कवर वाचता न येणाऱ्या जागा झाल्या आहेत.

इथं एक इशारा. डिस्क तपासायची 'चेकडिस्क' नावाची आज्ञा पुष्कळांना माहीत असते. कॉपी करून घेतल्याशिवाय ती चालवू नका. आजारी डिस्कला ती पूर्ण धावायला लावते, ५०० जीबीला कित्येक तास घेते आणि मधेच लाइन गेली तर आहे त्याहून वाईट होतं. आपल्याकडे लाइन कधी जाईल ते कोण सांगणार? डिस्क पिवळी असेल तर पैसे फॉरमॅटवर घालू नका, २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, बसवा. चौथ्या पिढीचा आय-थ्री काही वाईट नाही, त्याला मागे ओढतं ते जुन्या डिस्कचं फिरणं. बारावीपर्यंतचा अभ्यास तो हसत ओढेल.

विजेचं शेवटी लिहिते. डीपीवर मोटरा सुरू झाल्या की बल्ब मंद होतो का? २३० व्होल्टऐवजी दीडशे-पावणेदोनशेवर आलं की एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, धापा टाकतं, आणि डिस्क सुरुवातीला फिरायला लागते तेव्हाच तिला सगळ्यात जास्त जोर लागतो. एक दिवस मोटरांच्या लाइनीच्या आधी लावून पाहा, एक दिवस मोटरा चालू असताना. फरक दिसला तर व्होल्टेज सावरणारा यूपीएस घ्या. तो दोन तास काम करायला नसतो, लाइन गेल्यावर नीट बंद करायला पाच मिनिटं देतो. आतली बॅटरी आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत बसते, तिचा खर्च धरून चाला. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात का? अर्थिंग नाही किंवा वाळलंय. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर त्यात बादलीभर पाणी ओता. खड्डाच नसेल तर वायरमनला सांगून आधी तो करून घ्या, कॉम्प्युटर नंतर.

प्रश्न : उन्हाळ्यात कॉम्प्युटर कूलरजवळ होता. पावसाळाभर कोणी लावला नाही. आता लावला तर पंखा फिरते, मॉनिटरवर 'नो सिग्नल', आतून टीं-टीं-टीं आवाज येते. मॉनिटर गेला का?
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : मॉनिटर 'नो सिग्नल' लिहितो म्हणजे तो जिवंत आहे. आवाज बोर्ड करतोय आणि बहुतेक रॅमसाठी रडतोय. कूलरसमोर माणसाला गार वाटतं, कॅबिनेटला ओल लागते. मग चार महिने बंद राहिला की रॅमच्या सोनेरी दातांवर पातळ थर चढतो. केबल काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा म्हणजे अंगातली वीज उतरेल, रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चापा खाली दाबून पट्टी काढा. शाळेतलं पांढरं खोडरबर सोनेरी दातांवर हलक्या हातानं फिरवा, भुसा झटका, टक्‌ आवाज येईपर्यंत परत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. ओलं फडकं नको, पॉलिश पेपर तर मुळीच नको. मोसंबीवरचा फवारा मारतात तसं काहीतरी मारून एकानं माझ्याकडे बोर्ड आणला होता. कूलर आणि कॉम्प्युटर एका खोलीत ठेवायचेच असतील तर समोरासमोर ठेवू नका.

प्रश्न : लॅपटॉप रात्री बंद करताना अपडेट सुरू झालं, सकाळी पाहिलं तर ३५ टक्क्यांवरच. बंद करू का? परीक्षेचा फॉर्म त्यातच आहे.
— एक विद्यार्थिनी, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : चार्जर लावून ठेव आणि डिस्कचा दिवा पाहा. लुकलुकत असेल तर काम चालू आहे, दोन-तीन तास हात लावू नकोस. रात्रभर एकाच आकड्यावर आहे आणि दिवाही थंड, तर बटण दाबून धरून बंद कर. दोन-तीन वेळा ठिपके येताच असंच बंद केलंस की विंडोज स्वतःहून दुरुस्तीचं पान उघडतं. तिथं 'ट्रबलशूट', मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. त्यातलं क्वालिटी अपडेट काढ. ४८ आकड्यांची किल्ली मागितली तर घाबरू नकोस, डिस्क कुलूपबंद आहे एवढाच अर्थ. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला होता ते मोबाइलवर उघड, किल्ली बहुधा तिथं ठेवलेली असते. खातं दुकानदाराच्या नावानं उघडलं असेल तर मात्र त्यालाच गाठ. 'रिसेट'च्या पानावर गेलीस तर 'कीप माय फाइल्स' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' ही दोन बटणं शेजारी शेजारी असतात, डोळे उघडे ठेवून दाब. फॉर्मची शेवटची तारीख जवळ असेल तर तो आजच मोबाइलवरून भर, लॅपटॉपची वाट पाहू नकोस.

प्रश्न : विंडोज १० बंद झालं म्हणे. म्हणूनच आमचा तिसऱ्या पिढीचा कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ घेतो का? ११ टाकू का?
— एक निवृत्त शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : सर, १४ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीनं त्याची देखभाल थांबवली, म्हणजे सुरक्षेची नवी ठिगळं लावणं थांबवलं. तुमचं मशीन हळू करण्यासाठी कोणी काही केलेलं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. तुम्ही लिहिलंय ते मशीन तिसऱ्या पिढीचं आहे, त्यावर जबरदस्तीनं ११ बसवून देणारे भेटतील, मी बसवत नाही. बँकेचे व्यवहार त्यावर करत असाल तर ते थांबवा. वाचन, लेखन, व्हिडिओ एवढंच असेल तर विंडोजच्या जागी चालणारं फुकट लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घालून, काही न पुसता, आधी चालवून पाहता येतं. मराठी टाइप करता येतं त्यात. जमलं तर ठेवा.

मागच्या अंकातल्या राळेगावच्या वाचकांचं उत्तर आलंय. त्यांचा कॉम्प्युटर सुरू होऊन दोन मिनिटांत आपोआप बंद व्हायचा आणि मी पत्रा उघडून प्रोसेसरवरचा पंखा पाहायला सांगितलं होतं. ते लिहितात : "कापसाची गंजी आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत हायेत. पंखा काढला तं खाली गोधडीच निंगाली." मला ती गोधडी माहीत आहे. रुईचे तंतू पंख्यातून आत जातात, अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या वर राखाडी थर बसतो, चिमटीत धरून ओढला तर अख्खा कपड्यासारखा उचलून येतो. हवा आत जातच नाही, प्रोसेसर तापतो आणि जीव वाचवायला मशीन बंद करतो. त्यांनी विचारलंय, आता ब्लोअर विकत घ्यावा का. नको. सायकलचा पंप पुरतो. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. पंख्याच्या पात्यात अगरबत्तीची काडी अडकवून धरा आणि मग हवा मारा, मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरून बेअरिंग घालवतो. पंखा प्रोसेसरवरून पुरता उचललाच आहे, तर खालची वाळलेली पेस्ट पुसून नवी तुरीच्या दाण्याएवढी मधोमध लावा, वरून दाबली की ती आपली पसरते. आणि कापूस विकेपर्यंत कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत.